वनस्पतिजन्य रेणू आणि मॉडेल पेशीपटल: लायपोसोमवरचे प्रयोग नीट कसे करावेत

कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, थायमॉल, कॅप्सेसिन, रेझ्वेराट्रॉल. यांच्याविषयी ‘पेशीपटलावर परिणाम करतो’ हे वाक्य सर्रास लिहिले जाते. या वाक्याला वजन येण्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. पहिली, पटलात लिपिडच्या (पटल ज्या स्निग्ध रेणूंचे बनते त्यांच्या) किती रेणूंमागे या पदार्थाचा एक रेणू बसला आहे. दुसरी, दिसलेला बदल खरोखर पटलातला आहे, की द्रावकाचा, पदार्थाच्या रंगाचा किंवा पाण्यात झालेल्या त्याच्या गुठळ्यांचा आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे हाती नसतील तर महागडे उपकरण वापरूनही हाती काही लागत नाही. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

हे काम केवळ हौसेचे नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅप्सेसिन, कर्क्युमिन, ईजीसीजी (हिरव्या चहातले कॅटेचिन), जेनिस्टीन आणि रेझ्वेराट्रॉल हे पाच रेणू तपासले गेले. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या पटल-प्रथिनांचे काम ते ज्या संहतीला बदलतात, साधारण त्याच संहतीला लिपिडच्या थराचे गुणधर्मही बदलतात, असे त्यात दिसले. म्हणजे ‘हा रेणू अमुक प्रथिनाला जाऊन चिकटतो’ असे म्हणण्याआधी तो नुसत्या लिपिडला काय करतो हे तपासणे भाग आहे.

कोणते लिपिड घ्यायचे

मॉडेल पटल म्हणजे प्रथिने, शर्करा आणि पेशीचा आतला सांगाडा वगळून उरलेला लिपिडचा दुहेरी थर. पाण्यात या थराचे जे सूक्ष्म पोकळ गोळे बनतात ते लायपोसोम. त्यात काय घालायचे हे प्रश्नावर ठरते.

गळती (लायपोसोमच्या आतले द्रावण बाहेर येणे) किंवा बंधन (पदार्थ पटलाला चिकटणे) मोजायचे असेल तर पीओपीसी हे फॉस्फोलिपिड घ्या; पुढची डीपीपीसी, डीएमपीसी, पीओपीई, पीओपीजी हीही फॉस्फोलिपिडेच. त्याचे संक्रमण तापमान (ज्याला घट्ट, जेलसारखे पटल तरल होते ते) −२ °से च्या आसपास असल्याने नेहमीच्या तापमानाला पटल तरल असते. संक्रमणच मोजायचे असेल तर डीपीपीसी घ्या. त्याचे मुख्य संक्रमण ४१ °से ला सुईसारखे टोकदार येते आणि त्याआधी ३५ °से च्या सुमारास एक बुटके पूर्वसंक्रमणही दिसते. डीएमपीसी स्वस्त पडते म्हणून गळतीच्या चाचणीला घेऊ नका. त्याचे संक्रमण २४ °से ला, म्हणजे नेमके खोलीच्या तापमानाजवळ असते. संक्रमणाच्या वेळी पटलात जेल आणि तरल भाग शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या सीमेवरून गळती सर्वाधिक होते. खोलीचे तापमान दोन अंशांनी हलले तरी आकडे बदलतात आणि दोष पदार्थाच्या माथी जातो.

सस्तन प्राण्यांच्या पेशीची ढोबळ नक्कल हवी असेल तर पीओपीसी आणि कोलेस्टेरॉल ७:३ मोल प्रमाणात. ई. कोलायसारख्या जिवाणूसाठी पीओपीई आणि पीओपीजी ३:१. बुरशीसाठी कोलेस्टेरॉलच्या जागी अर्गोस्टेरॉल. सोयाबीनचे कच्चे लेसिथिन सरावाला ठीक आहे, मोजमापाला नाही. त्यात अनेक लिपिडे मिसळलेली असतात, असंतृप्त साखळ्या भरपूर असतात आणि बाटली उघडल्यापासून त्यांचे ऑक्सिडेशन सुरू होते. ऑक्सिडेशन झालेले पटल आपणहून गळते. वर बहुतेक वनस्पतिजन्य फिनॉल ऑक्सिडेशनरोधक असतात, त्यामुळे ‘पदार्थाने पटल स्थिर केले’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात त्याने फक्त ऑक्सिडेशन रोखलेले असते.

लायपोसोम तयार करणे

१० मिलिमोलर पीओपीसीचे १ मिलिलिटर लायपोसोम करायचे तर ७.६ मिलिग्रॅम लिपिड लागते (रेणुभार ७६०). २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर क्लोरोफॉर्म स्टॉक (दाट मूळ द्रावण) असेल तर ३०४ मायक्रोलिटर. हे मोजायला काचेचीच सिरिंज वापरा. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या टिपमधले घटक विरघळवून घेतो आणि ते सरळ पटलात जाऊन बसतात. शिवाय क्लोरोफॉर्म टिपमधून गळत असल्याने मापही चुकते.

१० ते २५ मिलिलिटरच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये लिपिड घ्या. फ्लास्क हाताने फिरवत नायट्रोजनच्या मंद झोताखाली क्लोरोफॉर्म उडवा, म्हणजे काचेवर पातळ, सलग थर बसेल. झोत जोराचा असेल तर लिपिड एका कडेला ढकलले जाऊन जाड ढीग होतो आणि त्याच्या आत क्लोरोफॉर्म अडकून राहतो. थर दिसायला कोरडा झाला म्हणजे क्लोरोफॉर्म गेला असे समजू नका. फ्लास्क निर्वातात किमान दोन-तीन तास, शक्यतो रात्रभर ठेवा. उरलेला क्लोरोफॉर्म पटल सैल करतो, आणि तपासायच्या पदार्थाकडून आपण नेमकी तीच अपेक्षा धरून बसलेलो असतो.

बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) साधा ठेवा: १० मिलिमोलर हेपेस, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.१ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.४. ईडीटीए लोह आणि तांब्याचे अंश बांधून ठेवते, त्यामुळे लिपिडचे आणि पॉलिफिनॉलचे धातूंमुळे होणारे ऑक्सिडेशन मंदावते. फॉस्फेट बफर टाळलेला बरा, कारण पुढे लिपिड मोजताना फॉस्फेटच मोजायचे असते.

बफर १ मिलिलिटर घालून तासभर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा). तापमान लिपिडच्या संक्रमणापेक्षा दहा अंश वर हवे. पीओपीसीला खोलीचे तापमान पुरते, डीपीपीसीला ५० ते ५५ °से लागते. दुधट द्रव तयार झाला की तो अनेक थरांच्या लायपोसोमचा असतो. द्रव नायट्रोजन आणि ४० °से चे पाणी यांत आलटून पालटून ५ ते १० वेळा गोठवून वितळवा (डीपीपीसीला ५० °से च्या वरचे पाणी). त्याने थर सुटे होतात आणि आतल्या-बाहेरच्या द्रावणाची संहती सारखी होते.

आता एक्स्ट्रूडर, म्हणजे दोन सिरिंजच्या मध्ये फिल्टर बसवलेले साधन. १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरमधून २१ वेळा ढकला. संख्या विषम ठेवायची, म्हणजे शेवटचा द्रव दुसऱ्या सिरिंजमध्ये जमतो आणि पहिल्या सिरिंजमध्ये राहिलेले मोठे कण त्यात येत नाहीत. दट्ट्या खूपच घट्ट जात असेल तर लिपिड संक्रमणाखाली थंड झाले आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. घट्ट चाललेला दट्ट्या एकाएकी हलका झाला तर फिल्टर फाटला. ती खेप तिथेच थांबवा, फिल्टर बदला आणि मोजणी पहिल्यापासून करा. चांगल्या खेपेचा द्रव किंचित निळसर, अर्धपारदर्शक दिसतो. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या उपकरणावर) सरासरी व्यास १०० ते १३० नॅनोमीटर आणि विखुरता निर्देशांक (कणांचे आकार किती वेगवेगळे आहेत ते सांगणारा आकडा) ०.१५ च्या आत यायला हवा.

थोडे लिपिड फिल्टरवर राहतेच, म्हणून संहती कागदावरच्या हिशेबाने धरू नका, मोजा. बार्टलेटची फॉस्फेट चाचणी सर्व फॉस्फोलिपिडना चालते, मात्र तिला तीव्र आम्लात उच्च तापमानाला पचन लागते. त्यासाठी पर्क्लोरिक आम्ल वापरत असाल तर त्याच्यासाठीच बनवलेल्या धूरकक्षाखेरीज ते करू नका. स्टुअर्टची फेरोथायोसायनेट चाचणी सोपी आहे, ४८५ नॅनोमीटरला वाचता येते आणि अकार्बनी फॉस्फेटचा तिला अडथळा होत नाही. पण पीजी (पीओपीजीसारखे लिपिड) तिला नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून जिवाणूसारख्या मिश्रणाला ती उपयोगी नाही.

तयार लायपोसोम ४ °से ला नायट्रोजनखाली ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पटले फोडतात आणि वितळताना ती एकमेकांत मिसळून आकार बिघडतो.

पदार्थ घालणे: खरे गणित इथे आहे

‘१० मायक्रोमोलर पदार्थ घातला’ हे वाक्य अपुरे आहे. पदार्थ पाण्यात आणि पटलात वाटला जातो, आणि ही वाटणी लिपिड किती आहे यावर ठरते. वाटणी गुणांक (पटलातली संहती भागिले पाण्यातली) माहीत असेल तर पटलात गेलेला अंश असा काढता येतो:

पटलातला अंश = (गुणांक × लिपिडची मोलर संहती × लिपिडचे मोलर आकारमान) ÷ (१ + तोच गुणाकार)

तरल पीसी (पीओपीसीसारख्या) लिपिडचे मोलर आकारमान साधारण ०.७६ लिटर प्रति मोल धरा. आता गुणांक १०,००० असलेला पदार्थ १० मायक्रोमोलर घ्या. लिपिड ०.१ मिलिमोलर असेल तर गुणाकार ०.७६ येतो आणि अंश ०.४३. म्हणजे ४.३ मायक्रोमोलर पदार्थ १०० मायक्रोमोलर लिपिडमध्ये: दर २३ लिपिडमागे एक रेणू. लिपिड १ मिलिमोलर केले तर अंश ०.८८ होतो, म्हणजे बांधलेला पदार्थ दुपटीहून जास्त झाला, पण तो दहापट लिपिडमध्ये पसरला: दर ११४ लिपिडमागे एक रेणू. पदार्थाची संहती तीच, पटलावरचा भार मात्र जवळजवळ पाचपट कमी. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी दोघांनी वापरलेले लिपिड किती ते पाहा. पुष्कळदा भांडण तिथेच मिटते.

गुणांक माहीत नसेल तर काढता येतो. पदार्थाची संहती कायम ठेवा, लिपिड शून्यापासून १ मिलिमोलरपर्यंत आठ-दहा टप्प्यांत वाढवा आणि पदार्थाचे स्वतःचे शोषण किंवा फ्लुओरेसन्स मोजा. लिपिडमुळे प्रकाश विखुरतो आणि शोषणाची पायारेषा वर जाते. वर्णपटाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह काढला की हा विखुरण्याचा भाग बराचसा गळून पडतो आणि शिखराचे सरकणे स्वच्छ दिसते.

स्टॉक करताना द्रावकाची मर्यादा आधी ठरवा: अंतिम मिश्रणात डीएमएसओ ०.५ टक्क्यांच्या आत. कर्क्युमिनचा ५ मिलिमोलर स्टॉक करायला १.८४ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डीएमएसओत घाला. १ मिलिलिटर लायपोसोममध्ये त्याचे २ मायक्रोलिटर घातले की १० मायक्रोमोलर पदार्थ आणि ०.२ टक्के डीएमएसओ होते. संहतीची मालिका करताना एकाच स्टॉकचे कमी-जास्त आकारमान घालू नका, कारण मग पदार्थाबरोबर द्रावकही वाढत जातो. आधी डीएमएसओतच वेगवेगळे स्टॉक करून घ्या आणि प्रत्येक नळीत २ मायक्रोलिटरच घाला. कंट्रोलमध्येही (पदार्थ नसलेल्या, तुलनेच्या नळीत) २ मायक्रोलिटर कोरे डीएमएसओ गेलेच पाहिजे.

घालण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. ढवळत असलेल्या लायपोसोममध्ये स्टॉक सोडा. आधी नुसत्या बफरमध्ये पातळ करून मग लायपोसोम मिसळले तर पाण्याला नकोसा रेणू मधल्या काळात गुठळ्या करतो, आणि त्या नंतर सुटतीलच असे नाही. प्रत्येक नव्या पदार्थाची लिपिडशिवाय बफरमध्ये डीएलएस तपासणी करा. ज्या संहतीला कण दिसू लागतात ती तुमची वरची मर्यादा. शक्य तिथे काच किंवा क्वार्ट्झ वापरा. पॉलिस्टायरीनच्या क्युव्हेटला असे रेणू चिकटून बसतात आणि कमी संहतीला त्यातला मोठा भाग भिंतीवरच राहू शकतो.

पदार्थ बाहेरून घालायचा की थर करतानाच क्लोरोफॉर्ममध्ये लिपिडबरोबर मिसळायचा? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी मिसळला तर दुहेरी थराच्या दोन्ही पदरांत ठरलेल्या प्रमाणात असतो आणि त्याचा पटलावरचा परिणाम नीट कळतो. बाहेरून घातला तर तो स्वतःहून आत जातो का हे कळते, पण सुरुवातीला भार फक्त बाहेरच्या पदरावर असतो. कोणती रीत वापरली ते लिहिल्याशिवाय निकाल देऊ नका. बाहेरून घालताना ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना मोजून आकडा कुठे स्थिरावतो ते पाहा, मग मोजण्याची वेळ ठरवा.

गळतीची चाचणी

कल्पना सरळ आहे. लायपोसोममध्ये कॅल्सीन हे उजळणारे रंजक इतके दाट भरायचे की ते स्वतःचाच प्रकाश दाबून टाकेल. पटल गळले की ते बाहेर येऊन पातळ होते आणि उजळते.

७० मिलिमोलर कॅल्सीन ५ मिलिलिटर करायला २१८ मिलिग्रॅम लागते. ते पाण्यात नुसते विरघळत नाही, नारिंगी चिखल होतो. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत गेलात की द्रावण गडद लालसर-तपकिरी आणि पारदर्शक होते. मग पीएच ७.४ ला आणा आणि त्यानंतरच आकारमान पूर्ण करा. याची ऑस्मोलॅलिटी मोजा आणि बाहेरच्या बफरमधले मीठ कमी-जास्त करून ती जुळवा. हा टप्पा गाळला तर लायपोसोम फुगतात किंवा आक्रसतात आणि ताणलेले पटल कुठल्याही पदार्थाने लगेच गळते.

कोरड्या थरावर बफरऐवजी हे द्रावण घाला, बाकी कृती तीच. शेवटी सेफाडेक्स जी-५० च्या स्तंभातून सोडा. लायपोसोम आधी बाहेर येतात आणि सुटे कॅल्सीन मागे रेंगाळते. दोन पट्ट्यांमध्ये रिकामी जागा स्पष्ट दिसली पाहिजे. इथे नमुना पातळ होतो, म्हणून लिपिड पुन्हा मोजा.

खेप वापरण्याआधी दोन चाचण्या करा. ट्रायटन (पटल पूर्ण फोडणारे डिटर्जंट) घातल्यावर प्रकाश निदान पाचपट वाढला पाहिजे. जेमतेम दुप्पट होत असेल तर सुटे कॅल्सीन उरले आहे किंवा लायपोसोम आधीच गळके आहेत. आणि पदार्थ न घालता तासभर ठेवल्यावर आपोआप होणारी गळती ५ टक्क्यांच्या आत हवी.

मोजताना २ मिलिलिटर बफरमध्ये लिपिड ५० मायक्रोमोलर घ्या. ४९० नॅनोमीटरने उत्तेजित करून ५२० ला वाचा. पाच मिनिटे पायारेषा घ्या, पदार्थ घाला, अर्धा तास पाहा, मग १० टक्के ट्रायटन एक्स-१०० चे २० मायक्रोलिटर घाला (अंतिम ०.१ टक्के). कोलेस्टेरॉल जास्त असेल तर ट्रायटनला वेळ लागतो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

गळती टक्के = (वाचन − सुरुवातीचे वाचन) ÷ (ट्रायटननंतरचे वाचन − सुरुवातीचे वाचन) × १००

ट्रायटनचे वाचन प्रत्येक क्युव्हेटचे स्वतंत्र घ्या. पदार्थ स्वतः प्रकाश शोषत किंवा दाबत असेल तर कंट्रोलचे वाचन सगळ्यांना लावणे चुकीचे ठरते. पदार्थ प्रकाश दाबतो का, हे तपासायला १ मायक्रोमोलर सुट्या कॅल्सीनमध्ये पदार्थ घालून पाहा. प्रकाश उतरला तर तुमच्या चाचणीत गळती खरीपेक्षा कमी दिसणार आहे. वनस्पतींच्या अर्कात तांबे आणि लोहाचे अंश असतात, ते कॅल्सीनचा प्रकाश थेट दाबतात. अर्क तपासताना ईडीटीए १ मिलिमोलरपर्यंत वाढवा. कॅल्सीनऐवजी कार्बोक्सिफ्लुओरेसीन वापरत असाल तर पीएच पुन्हा पुन्हा मोजा. त्याचा प्रकाश पीएचबरोबर बदलतो आणि टॅनिक किंवा गॅलिक आम्लासारखे पदार्थ दुबळ्या बफरचा पीएच सहज खाली आणतात.

तरलता मोजताना कर्क्युमिन कसे फसवते

लॉर्डन हे रंजक पटलाच्या पाण्याजवळच्या भागात बसते. पटल घट्ट असेल तर ते ४४० नॅनोमीटरला जास्त उजळते, सैल पटलात पाणी शिरते आणि प्रकाश ४९० कडे सरकतो. उत्तेजन ३५० ला. दोन वाचनांतला फरक भागिले त्यांची बेरीज म्हणजे जीपी. लिपिडच्या ५०० रेणूंमागे रंजकाचा एक रेणू पुरतो. अंधारात, संक्रमणाच्या वर, तासभर मुरू द्या. जीपी उतरला म्हणजे पटल सैल झाले, असे वाचले जाते.

आता कर्क्युमिनचे शोषण पाहा. त्याचे शिखर ४२५ नॅनोमीटरच्या आसपास आहे. लॉर्डनचा ४४० चा प्रकाश त्यात भरपूर गिळला जातो, ४९० चा बराच कमी. समजा क्युव्हेटमधले शोषण ४४० ला ०.५ आणि ४९० ला ०.१ आहे, आणि पटलात काहीही बदल झालेला नाही. खरे प्रकाश १०० आणि ६० असतील तर जीपी ०.२५. प्रकाश क्युव्हेटच्या मध्यातून येतो, म्हणून प्रत्येक बाजूचे अर्धे शोषण लागू होते: १०० चे ५६ होतात, ६० चे ५३. जीपी ०.०२ ते ०.०३ वर येऊन थांबतो. पटलाला धक्काही लागलेला नाही आणि आलेख म्हणतो पटल पार सैल झाले.

दुरुस्तीचे सूत्र आहे: दिसलेला प्रकाश × १० चा घात (उत्तेजनाचे शोषण + उत्सर्जनाचे शोषण) ÷ २. शोषण ०.१ च्या आत असेल तर ते विश्वासाने वापरा. पण कर्क्युमिन आणि लॉर्डन एकाच पटलात शेजारी असतात तेव्हा ऊर्जा प्रकाश न होताच एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ती तूट या सूत्राने भरून निघत नाही. तरलता मोजायचे दुसरे रंजक डीपीएच, त्याचे उत्सर्जन ४३० ला असल्याने तेही इथे कामाचे नाही. कर्क्युमिनसाठी लॉर्डन आणि डीपीएच दोन्ही सोडा आणि प्रकाशावर न चालणारी पद्धत (पुढची डीएससी) घ्या. गळतीसाठी कॅल्सीनऐवजी सल्फोऱ्होडामीन बी घ्या, ते ५६५ ला उत्तेजित होऊन ५८५ च्या सुमारास उजळते आणि कर्क्युमिनच्या वाटेत येत नाही.

नियम सगळ्यांना तोच: कोणतेही रंजक निवडण्याआधी पदार्थाचा शोषण आणि उत्सर्जन वर्णपट लिपिडसह आणि लिपिडविना काढा. बेरबेरिन आणि क्वेर्सेटिन पिवळे आहेत हे डोळ्यांनाच दिसते. रेझ्वेराट्रॉल रंगहीन असते म्हणून निर्धास्त राहू नका. अतिनील प्रकाशात त्याचे ट्रान्स रूप सिस होते, त्यामुळे लांबलेल्या मोजणीत तुम्ही घातलेला रेणू उरलेलाच नसतो. शटर फक्त वाचनापुरते उघडा.

डीएससी: रंगाचा अडथळा नसलेली पद्धत

डीएससीत नमुना हळूहळू तापवून तो किती उष्णता शोषतो ते मोजतात; संक्रमणाला आलेखात शिखर येते. इथे डीपीपीसीचे अनेक थरांचे लायपोसोमच वापरा, एक्स्ट्रूडर नको, कारण लहान लायपोसोममध्ये शिखर रुंदावते. संवेदनशील मायक्रोकॅलरीमीटरला लिपिड १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर पुरते. पदार्थ आधीच क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलमध्ये लिपिडबरोबर मिसळा, लिपिडच्या १००, ५०, २० आणि १० रेणूंमागे एक अशा प्रमाणांत. २५ ते ५५ °से पर्यंत मिनिटाला १ अंशाने तापवा. पहिली फेरी सोडून द्या, दुसरी आणि तिसरी एकमेकींवर बसली पाहिजेत. बसत नसतील तर पदार्थ तापमानाला टिकत नाही किंवा अजून नीट मिसळलेला नाही.

सर्वांत आधी पूर्वसंक्रमण पाहा. थोड्याशा पदार्थानेही ते नाहीसे होते, म्हणून पदार्थ पटलात पोचला याची ती पहिली खूण. मुख्य शिखर खाली सरकले, रुंद झाले, पण त्याखालचे क्षेत्रफळ फारसे घटले नाही, तर पदार्थ बहुधा शीर्षगटांच्या (लिपिडच्या पाण्याकडच्या टोकांच्या) जवळ बसून मांडणी विस्कटतो आहे. क्षेत्रफळही घटले (कोऱ्या डीपीपीसीचे साधारण ३५ किलोज्यूल प्रति मोल), तर तो साखळ्यांच्या आत शिरला असण्याची शक्यता वाढते. शिखराला खांदा फुटला तर पटलात पदार्थाने भरलेले आणि मोकळे असे दोन भाग पडले आहेत. अशा वेळी सरासरी प्रमाण सांगून भागत नाही.

पाण्यावर पसरलेल्या एकपदरी थराची, म्हणजे लँगम्यूर कुंडाची पद्धतही इथे उपयोगी पडते. वेगवेगळ्या सुरुवातीच्या पृष्ठदाबांना पदार्थ पाण्यात सोडा, दाब किती वाढतो ते नोंदवा आणि वाढ जिथे शून्य होते तो दाब रेषा लांबवून काढा. तो ३० ते ३५ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या वर आला तर पदार्थ खऱ्या दुहेरी थरातही शिरू शकतो. सॅपोनिनसारखे पृष्ठक्रियाशील पदार्थ लिपिड नसतानाही दाब वाढवतात, तेवढा कंट्रोल आधी घ्या.

पदार्थागणिक अडचणी

सॅपोनिन: डिजिटोनिनसारखे रेणू स्टेरॉलला धरतात. म्हणून कोऱ्या पीओपीसीवर आणि ३० टक्के कोलेस्टेरॉलच्या पटलावर, दोन्हीकडे मोजा. दोन्हीकडे सारखीच गळती आली तर ती स्टेरॉलमुळे नाही, डिटर्जंटसारख्या क्रियेमुळे आहे.

थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, मेंथॉल: हे उडून जातात. क्युव्हेट काठोकाठ भरून झाकण लावा, निर्वातात ठेवायच्या थरात हे मिसळूच नका, नेहमी बाहेरून घाला. यांचा परिणाम दिसायला लिपिडच्या तुलनेत बरेच प्रमाण लागते, त्यामुळे विरघळण्याची मर्यादा लवकर गाठली जाते.

कॅटेचिन: गॅलेट गट असलेली (ईजीसीजी, ईसीजी) पटलाला बिनगॅलेटवाल्यांपेक्षा घट्ट धरतात. ईजीसीजी लायपोसोम एकमेकांना चिकटवते, म्हणून गळतीबरोबर डीएलएस घ्याच. द्रव गढूळ झाला तर फ्लुओरेसन्सचे आकडे बाद धरा. हवेत, पीएच ७.४ ला ते ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. स्टॉक रोजचा रोज करा.

कर्क्युमिन: रंगाची अडचण वर आलीच. शिवाय पीएच ७.४ आणि ३७ °से ला नुसत्या बफरमध्ये ते अर्ध्या तासात बहुतांश विघटित होते. लिपिडमध्ये गेले की बरेच टिकते, म्हणून आधी बफरमध्ये ठेवून नंतर लायपोसोम घालण्याची चूक इथे दुप्पट महाग पडते. ४२५ चे शोषण सुरुवातीला आणि शेवटी मोजून किती उरले ते लिहा. बाटलीवर ‘कर्क्युमिन’ लिहिलेले असले तरी त्यात डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी रूपे मिसळलेली असू शकतात. शुद्धतेचा दाखला पाहा.

बेरबेरिन: धनभारित आहे. ऋणभारित पीओपीजी असलेल्या पटलावर जास्त बसते आणि मीठ वाढवले की बंधन सैल होते. १५ आणि १५० मिलिमोलर मिठात मोजून पाहिले की विद्युतभाराचा वाटा किती ते कळते.

संपूर्ण अर्क: यात रेणुभार नाही, म्हणून लिपिडमागे किती रेणू हे सांगता येत नाही. टॅनिन लायपोसोमच्या गुठळ्या करतात, हरितद्रव्य लाल आणि निळा दोन्ही प्रकाश शोषते. अर्काचा उपयोग छाननीपुरता ठेवा. परिणाम दिसला तर अर्काचे भाग वेगळे करा, क्रियाशील भागातला रेणू ओळखा आणि त्या शुद्ध रेणूवर वरची मोजमापे पहिल्यापासून घ्या.